बावीस करंजांची एक रास

माझ्या हातनं चूक झाली, ते मी कबूल करतो. पण चूक करताना मी हळदकुंकू वाहिलंतं, नारळ फोडलाता, हे बी जरा ध्यानात घ्या. वाईट मनानं केलेल्या कामाला कोण नारळ फोडत न्हाय.

मी बायाक्का. माहेर निपाणीपल्याडचं कोगनोळी, सासर बेळगावजवळचं कंग्राळी. आमच्या शेताच्या बांधावर बावीस करंज हाईत, विहिरीपासनं नाल्यापर्यंत एका रांगेत. ते लावले आमच्या मालकांनी. नाव भरमा. जिते होते तवर कधी नाव घेतलं न्हाय. आता जाऊन चार वर्सं झाली, आता कसली लाज?

पंधरा वर्सांमागं गावात सरकारी माणसं आलती, करंजाची रोपं फुकट वाटत. बांधावर लावा, बियांचं तेल निघंल, तेलाचं डिझेल होईल, त्याच्यावर बस चालंल, असं सांगून गेली. गावानं रोपं घेतली आणि उकिरड्याकडंला टाकली. फुकटच्या वस्तूला कोण खड्डा काढतंय? आमच्या मालकांनी मात्र खड्डे काढले आणि उन्हाळाभर घागरीनं पाणी घालून रोपं जगवली. त्यातल्या निम्म्या घागरी माझ्या कमरंवर आल्या, ते कोण सांगत न्हाय, म्हणून मीच सांगतो.

झाडं वाढली, शेंगा धरायला लागली. डिझेलवाला मात्र कोण परत आला न्हाय. गावानं मालकांचंच नाव "डिझेल" पाडलं. "काय डिझेल, बस कवा सुटायची?" म्हणून पारावर हसायचे. त्यांना राग म्हणून यायचा न्हाय. "येतील रं," म्हणायचे, "आज न्हाय तर उद्या येतील." आम्ही दोघं शेंगा गोळा करायचो, फोडायचो, घाण्यावरनं थोडं तेल काढून आणायचो. पेंड भाताला घालायचो. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम बिया असायच्या. शर्ट धुवायला घेतला की माझं तोंड सुरू. त्याची सुरुवात पहिल्याच उन्हाळ्यात झाली. निपाणीच्या बाजाराला म्हणून गेले आणि खिशात करंजाच्या बिया घेऊन आले. मी म्हणलं, "बांधाला एवढी रोपं उभी असताना निपाणीतनं करंज आणतोय माणूस! अहो, मी मिरच्या आणायला सांगितलंतं." नुसते हसले. त्यांचं हसू बघितलं की माझं भांडण अर्ध्यावर मोडायचं, लई राग यायचा मला त्याचा.

आमचा रविराज एकुलता एक. उद्यमबागला कारखान्यात लेथवर हाय, आणि सुट्टीदिवशी शेत बघतो. शाळेत पोरं त्याला "डिझेलचा टँकर" म्हणायची. रडत घरी यायचा. बापावर जीव होता त्याचा, पण त्या झाडांवर जो राग बसला तो बसला. त्यात सावलीतलं रताळं वेलच धरायचं, खाली काय न्हाय. यंदा त्यानं लाकूडवाल्याला आणून दाखवलं. लाकूडवाल्यानं बावीसच्या बावीस बुंध्यांवर तांबड्या रंगानं फुल्या मारल्या. अक्षय्य तृतीया झाली की तोड.

शेत आता त्यानं करायचं, मी कोण सांगणारी? पण विहिरीवर जाताना त्या फुल्या दिसू नयेत म्हणून पदर आडवा धरायचो.

आणि मग शिमग्याच्या आधी सौम्या आली.

धारवाडकडची पोरगी, कन्नड बोलणारी. मराठी हॉस्टेलात शिकलेली, म्हणून पुस्तकातल्यासारखी "येते, जाते" म्हणायची. आमच्यात बायका बी येतो-जातोच म्हणतात. माझं ऐकून तिला लई गंमत वाटायची. गाडीला कापडी पिशव्या बांधलेल्या, पाठीवर हे एवढं ओझं. बांधावर उभी राहून तिनं विचारलं, "अज्जी, ही होंगे कोणी लावली?" होंगे म्हणजे करंजच.

मी म्हणलं, "आमच्या मालकांनी. का गं?"

"डिझेलसाठी ना?"

पंधरा वर्सांनी. मालक जाऊन चार वर्सांनी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी तिच्यावर वसकलो, "आत्ता आलाय व्हय? बस चुकली का तुमची?"

ती बिचारी गोंधळली. चहा केला, तिला बसवलं, मग तिनं सांगितलं. ती करंजावर अभ्यास करत होती, बेळगावापासनं निपाणीपर्यंतच्या बांधांवरची झाडं बघत हिंडत होती. एका करंजाच्या बीत तेल मायंदाळ असतंय, त्याला लागूनच्या झाडात निम्मं बी नसतंय. दिसायला सगळे सारखेच.

"खाण तशी माती, दुसरं काय," मी म्हणलं.

"करंजात तसं नसतं, अज्जी. आई एक, वडील भलतेच. मधमाशी कुठल्या झाडाचे पराग घेऊन येईल, कोणाला माहीत? म्हणून एकाच आईची लेकरंसुद्धा वेगळी निघतात. चांगलं झाड सापडलं की त्याची काडी काढून कलमं बांधायची. कलम मात्र हुबेहूब तेच झाड."

"आणि सापडलं तर मूळच्या झाडाचं काय?"

"ते राखायचं. आमच्या शेतकी कॉलेजाकडनं पत्र येतं तसं."

रविराज दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "बावीसमधलं एक जरी नाव घेण्यासारखं निघालं तर तेवढं मी राखतो. न्हाय निघालं तर तोडणार. मग आई, तू मधी बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत," मी म्हणलं. पण मनात म्हणलं, भरमाप्पा, तुमचा निकाल लागायचा हाय. तुम्ही खुळे होता का शहाणे, ते आता ही पोरगी सांगणार.

पुढच्या रविवारी रविराज स्वतः झाडावर चढला. सौम्या खाली उभी. एका झाडाच्या शेंगा एका पिशवीत, आत नंबराची चिठ्ठी, आणि झाडाला तोच नंबर पत्र्यावर. बावीस झाडं, बावीस पिशव्या. ओल्या होत्या म्हणून आमच्या सोप्यात वाळत ठेवल्या. "आठ दिवसांनी येते, अज्जी, मग आपण फोडू," म्हणून ती गेली.

आता माझी चूक ऐका.

आमच्यात एका शेताचं पीक दोन ठिकाणी ठेवत न्हाईत. खळ्यावर एकच रास घालायची, पूजा करायची, मग घरात घ्यायची. तुकड्या तुकड्यानं ठेवलं की घर फुटतंय, असं माझी सासू सांगायची, आणि तिची सासू. आणि हितं माझ्या सोप्यात एकाच बांधाचं पीक बावीस गाठोड्यांत! येता-जाता बघवंना मला. त्यात ती पोरगी एकटी, नाजूक बोटांची. करंजाची शेंग म्हणजे कातडं, फोडता फोडता बोटं सोलून निघतात. म्हणलं, लेकरू येईपर्यंत आपणच फोडून ठेवावं, तेवढाच तिला आराम. चार दिवस बसून सगळ्या शेंगा फोडल्या. गुरुवारी सोपा सारवला, मधोमध रास घातली, पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. काय सुरेख दिसत होती म्हणून सांगू! पंधरा वर्सांत त्या करंजांची कोण रास घातली नव्हती.

सौम्या आली. राशीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. उंबऱ्यावर मटकन बसली.

"अज्जी, चिठ्ठ्या?"

"टाकीन व्हय? नारळाच्या वाटीखाली नीट ठेवल्यात सगळ्या."

ती आधी हसली. मग हसता हसता रडायलाच लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी बी दोन शब्द बोललो असतो. ती नुसती रडत होती आणि मला सांगत होती की आता कुठली बी कुठल्या झाडाची ते कोणालाच सांगता येणार न्हाय, आणि तेच तर शोधायचं होतं. झाडांवर शेंड्याला चार-चार शेंगा उरलेल्या, तेवढ्यात तपासणी होत न्हाय. पुढच्या वर्सी परत घ्यायच्या म्हटलं तर पुढच्या वर्सी झाडं कुठं?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मालकांची झाडं मी माझ्या हातानं तोडली, असंच वाटलं मला.

रविराज कामावरनं आला. सगळं ऐकलं. "सुंठीवाचून खोकला गेला," एवढंच म्हणाला. पण पोरीचे डोळे बघितले आणि जेवायला बी बसला न्हाय.

मी राशीपाशी बसलो. काय करावं सुचंना, म्हणून राशीत हात घातला. मूठभर बिया घेतल्या, तळहातावर पसरल्या. एक चपटी, तांबूस, कडंला सुरकुती. ही विहिरीजवळच्या पहिल्या झाडाची. ही गोल, वाटाण्यासारखी, ती सातव्याची. ही काळपट, मोठी, फोडताना टणक लागायची, मालक म्हणायचे हा नववा लई हट्टी. पाच-सहा वर्सं आम्ही दोघांनी ह्या शेंगा फोडल्यात. मी एक-एक शिवी देत फोडायचो, ते एक-एक झाडाचं कौतुक करत फोडायचे. माझ्या बोटांना सगळं ठाऊक होतं, मलाच ठाऊक नव्हतं.

"सौम्या," मी म्हणलं, "रडायचं थांब आणि बावीस सुपं आण."

सुपं कुठली बावीस? ताटं, वाट्या, परडी, रविराजच्या डब्याची झाकणं, सगळं मांडलं. सहा दिवस मी निवडत होतो. शंका आली ती बी बाजूच्या टोपलीत. कंबर धरली, डोळ्यांपुढं बियाच बिया. चौथं, पाचवं आणि अकरावं झाड मला ओळखता येईना. सख्खी भावंडं असावीत. ती मी एकत्रच ठेवली. सगळं येतंय म्हणून खोटं कशाला बोलायचं?

सौम्याचा विश्वास बसला न्हाय, आणि ते बरोबरच. ती म्हणाली, "अज्जी, मला परीक्षा घ्यावी लागेल. रागावू नका." रविराजला शेंड्यावर चढवलं, प्रत्येक झाडाच्या उरलेल्या शेंगा काढल्या, माझ्यापासनं लपवून फोडल्या आणि तीन-चार बिया हातावर ठेवून विचारायला लागली. साठ वर्सांच्या वयात मी पहिल्यांदा परीक्षेला बसलो. मी सांगायचो, ती वहीत लिहायची, आणि रविराज तिच्या खांद्यावरनं वाकून बघायचा. त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळत होतं की बरोबर येतंय.

सारखी तीन सोडली तर अठरा झाडं बरोबर निघाली. एक राहिलं.

त्या एकाचं ताट मी सगळ्यात शेवटी ठेवलंतं. कारण त्या बिया आमच्या बांधावरच्या मला वाटतच नव्हत्या. लांबट, एका अंगानं सपाट, जशी चाकूनं कापलेली. सौम्या म्हणाली, "ही बावीस नंबरची. नाल्याकडची शेवटची. ह्याच्या शेंगेत दोन-दोन बिया असतात, म्हणून एक बाजू सपाट."

बाविसावं झाड उशिरा धरलं. मालक होते तवर त्याला शेंग नव्हती. ते गेल्यावर माझे गुडघे मला नाल्यापर्यंत न्हेईनात. त्या झाडाची बी मी यंदाच्या आधी कधी बघितलीच नव्हती.

पण तसली बी मी बघितलीती. चाळीस-पन्नास वर्सांमागं, कोगनोळीत, आमच्या माहेरच्या दारातल्या करंजाखाली. त्या करंजाच्या शेंगेत जोडी निघायची, आणि मी आणि माझी आक्का ती जोडी वाटून घ्यायचो. त्याच्याच तेलानं आई आमच्या पायांच्या भेगा भरायची. आम्ही बांधाला रोपं लावली त्याच उन्हाळ्यात तिकडं गावातला रस्ता रुंद केला, तवा ते झाड गेलं. भावानं फोनवर सांगितलं आणि मी दिवसभर चुलीपुढं बसून रडलो. झाडासाठी काय रडतीस म्हणून सासू बोलली. मालक काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी उठले आणि निपाणीच्या बाजाराला म्हणून गेले.

मिरच्या न आणता परत आले.

"सौम्या," मी म्हणलं, "सरकारनं रोपं किती दिलीती?"

"माझ्याकडच्या सरकारी यादीत तुमच्या नावावर बावीस आहेत."

"त्यातलं एक पहिल्या उन्हाळ्यात वाळलंतं. मला वाटलं, मागून दुसरं आणून लावलं असंल."

त्या माणसानं पाडलेल्या झाडाखालनं बिया वेचून आणल्या, मी त्याला तोंड भरून बोलून घेतलं, आणि त्यानं हसून ती बी बांधाच्या टोकाला लावली. धरल्यावर दाखवू म्हणून थांबला असंल. धरायच्या आधीच गेला. मी हुंदके देऊन रडलो, पोरीपुढं, लेकापुढं. रविराजनं ते ताट माझ्या मांडीवरनं उचललं, आणि कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला.

सौम्या बिया घेऊन गेली. काय घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहिते, म्हणाली, आजीनं रास घातली ते बी आणि आजीनं निवडली ते बी. तिच्या सरांनी मानलं तर मानलं. अक्षय्य तृतीया आली. लाकूडवाल्याचा फोन आला तवा रविराज म्हणाला, "निकाल लागू दे आधी."

मिरगाच्या तोंडावर सौम्या आली. आम्ही तिघं बांधावर गेलो. मी काठी टेकत नाल्यापर्यंत गेलो, किती वर्सांनी. ती म्हणाली, नववं झाड निघालं. शंभरभर बांध बघितले, त्यात एवढं तेल दोनच झाडांत सापडलं, त्यातलं हे एक. सरांनी पुढच्या हंगामात परत तपासायला सांगितलंय, पण पत्र दिलंय.

हट्टी नववा! मी त्याच्या बुंध्यावर हात मारला. म्हणलं, बघा मालक, आली बस.

"आणि आमचं बाविसावं?" रविराजनं विचारलं. आमचं म्हणाला तो.

सौम्यानं मान खाली घातली. "तेल कमी आहे. सगळ्यांत कमी."

मला हसूच आलं. माझ्या माहेरचंच झाड ते, कामाला आळशीच असणार. मी रविराजला म्हणलं, "बोललास तसं वाग. नववं राख, बाकीचं तुझं तू बघ. मी मधी बोलणार न्हाय म्हणून शब्द दिलाय." आणि मी बाविसाव्याकडं पाठ करून उभारलो, कारण तोंड करून उभं राहवंना.

सौम्या म्हणाली, "रविअण्णा, एक सांगू? नववं एकटं ठेवलंत तर ते धरणार नाही. करंज स्वतःच्या परागावर फारसं धरत नाही, आजूबाजूला दुसरी झाडं लागतात. त्याच्या प्रत्येक बीत अर्धं ह्यांच्यातल्या कोणाचं तरी आहे."

"कोणाचं?"

"ते मधमाशीला माहीत."

"बाविसाव्याचं बी असंल?" मी विचारलं.

"असेल की, अज्जी. का नसेल?"

रविराजनं कमरंचा विळा काढला आणि बाविसाव्याच्या बुंध्यावरची तांबडी फुली खरवडायला लागला. ती झाली तशी एकविसाव्याची. सालीत मुरलेला रंग तो, लवकर निघतोय व्हय? पण तो एक-एक करत विहिरीपर्यंत गेला. बापासारखाच, तोंडातनं शब्द न्हाय. मी मागनं चाललो होतो आणि मला लई बरं वाटत होतं, एवढं बरं की सौम्याचा हात मी किती दाबून धरलाय ते बी मला कळलं न्हाय.

पुढच्या सोमवारी रविराजचा कामाचा शर्ट धुवायला घेतला. सवयीनं खिसा चाचपला. आत करंजाच्या दोन बिया होत्या, एका अंगानं सपाट. तोंड उघडलंतं मी. मग मिटलं. बिया काढून पदराला पुसल्या, शर्ट धुऊन वाळत घातला, आणि वाळल्यावर त्या परत त्याच खिशात ठेवल्या.